अमेरिकेतल्या अपार्टमेंट संकुलांत ‘पॅसिव्ह’ गुंतवणूक : पैसे पाठवण्याआधी काय वाचाल, कोणाला काय विचाराल?

गोदातीर (प्लेनो, टेक्सास)

गेल्या काही महिन्यांत इथल्या आपल्या मंडळींत अपार्टमेंट सिंडिकेशनचे (अनेकांचे पैसे एकत्र करून इमारत घेण्याचे) वेबिनार पुन्हा सुरू झालेत. २०२३ नंतर हे सगळं थंडावलं होतं. आता व्हॉट्सॲप ग्रुपवर परत तसेच फ्लायर फिरतायत: दोन-अडीचशे युनिट्स, किमान ५० हजार डॉलर, पाच वर्षांत दुप्पट, ‘तुम्हाला काहीही करायचं नाही’. नवीन बरेच जण मला विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहितो. मी २०१५ पासून एलपी (लिमिटेड पार्टनर, नुसते पैसे घालणारा भागीदार) म्हणून यात आहे आणि अजूनही पैसे घालतो. त्यामुळे ‘यात पडूच नका’ असं मला अजिबात म्हणायचं नाही. पण इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय. इमारत कितीही देखणी असो, आपल्या पैशांचं काय होणार हे तिच्यावर कर्ज कसलं आहे आणि ते कर्ज कोण सांभाळतंय यावर ठरतं. फ्लायरवर नेमकं तेवढंच नसतं.

व्यवहार थोडक्यात असा. अनुभवी मंडळी (स्पॉन्सर किंवा जीपी, म्हणजे जनरल पार्टनर) एखादं संकुल शोधतात, बँकेकडून किमतीच्या ६५ ते ८० टक्के कर्ज उभं करतात, आणि उरलेली रक्कम आपल्यासारख्या शंभरेक लोकांकडून गोळा करतात. आपण एलपी. आपल्याला मतदानाचा हक्क जवळजवळ नसतो, आणि आपलं नुकसान घातलेल्या रकमेपुरतं मर्यादित असतं. जीपी खरेदीच्या वेळी एक-दोन टक्के ॲक्विझिशन फी घेतो, दरवर्षी ॲसेट मॅनेजमेंट फी घेतो आणि विक्रीच्या नफ्यात २०-३० टक्के हिस्सा घेतो. ‘सात टक्के प्रिफर्ड रिटर्न’ असं लिहिलेलं असतं, ते बरेच जण एफडीच्या व्याजासारखं वाचतात. त्याचा अर्थ एवढाच की नफा झाला तर पहिले सात टक्के एलपींना, मग उरलेल्याची वाटणी. नफाच नाही झाला तर सात टक्केही नाहीत.

आता कर्जाचं. आकडे मी सोपे केलेत, पण २०२१-२२ मधले कितीतरी व्यवहार याच धाटणीचे होते. २५० युनिट्सचं संकुल, सगळा खर्च वजा जाता वर्षाचं उत्पन्न (एनओआय) १५ लाख डॉलर. त्या वेळी बाजार ४ टक्के कॅप रेटने (वर्षाचं उत्पन्न किमतीच्या किती टक्के, तो दर) किंमत लावत होता, म्हणजे ३ कोटी ७५ लाख. त्यातलं ७५ टक्के कर्ज : सुमारे २ कोटी ८१ लाख. एलपींचे ९४ लाख. कर्ज तीन वर्षांचं, ब्रिज लोन (तात्पुरतं कर्ज), बदलत्या दराचं, सुरुवातीला साडेतीन टक्क्यांच्या आसपास. वर्षाचं व्याज दहा लाखांच्या आत. सगळं छान चाललंय.

मार्च २०२२ पासून फेडने (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने) दर वाढवायला सुरुवात केली आणि जुलै २०२३ पर्यंत तो शून्याजवळून ५.२५-५.५० वर नेला. तेच कर्ज साडेआठ टक्क्यांवर गेलं की वर्षाचं व्याज २४ लाखांच्या घरात जातं, आणि इमारत कमावते १५. दराला वरची मर्यादा घालणारी ‘रेट कॅप’ घेतलेली असते, पण ती संपली की नवी घ्यावी लागते, आणि ती त्या काळात कित्येक पटींनी महाग झाली होती. शिवाय बाजार आता साडेपाच टक्के कॅप रेट मागतोय. १५ लाख भागिले साडेपाच टक्के म्हणजे २ कोटी ७३ लाख. हे तर कर्जापेक्षाही कमी! समजा जीपीने जीव तोडून काम केलं आणि उत्पन्न १० टक्क्यांनी वाढवलं, तरी किंमत होते ३ कोटी. विक्रीचा खर्च धरायच्या आधीच एलपींच्या ९४ लाखांतले १९ उरले. भाडेकरू पळाले नाहीत, छप्पर उडालं नाही, कुणी चोरी केली नाही, तरी पैसे गेले.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. एप्रिल २०२३ मध्ये ह्यूस्टनमधली चार संकुलं, मिळून तीन हजारांवर घरं, एकाच सिंडिकेटरच्या हातून लिलावात गेली. टेक्सासमध्ये असे लिलाव महिन्याच्या पहिल्या मंगळवारी काउंटीत होतात आणि त्यांना कोर्टात जावं लागत नाही, त्यामुळे हे फार झटपट उरकतं.

म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी कर्जाचा असतो. दर स्थिर की बदलता? मुदत किती? ती संपेल तेव्हा तुम्ही विकायचं ठरवलेलं वर्ष उलटून गेलेलं असेल ना? पाच वर्षांची योजना आणि तीन वर्षांचं कर्ज असेल तर मी पुढची पानं उलटत नाही.

ज्यांना अनुभव आहे त्यांनी लिहा, चांगला-वाईट दोन्ही. फक्त कंपन्यांची आणि माणसांची नावं टाळा.

रानजाई (फिनिक्स)

खूप उपयोगी धागा, धन्यवाद. आम्ही दोघंही आयटीत. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाने अशीच एक डील आणली आहे आणि आम्ही विचार करतोय. अगदी प्राथमिक प्रश्न आहेत. १) शेअर बाजारातल्या रीटपेक्षा (इमारतींची मालकी असलेल्या कंपन्यांच्या शेअरपेक्षा) यात वेगळं काय? २) तो म्हणाला, ‘तुम्ही ॲक्रेडिटेड नसलात तरी चालेल, आपली ओळख आहे.’ हे बरोबर आहे का? ३) मी एच-वन-बीवर आहे. मला चालेल का?

गोदातीर

रानजाई, प्रश्न प्राथमिक नाहीत, अगदी मुद्द्याचे आहेत.

कॅमडेन, एमएए, ॲव्हलॉनबे असे अपार्टमेंटवाले रीट बाजारात आहेत. आज घेतले, उद्या विकले. हजारो घरं, अनेक शहरं, कर्जाचं प्रमाण सिंडिकेशनपेक्षा बरंच कमी, हिशेब दर तिमाहीला जाहीर. सिंडिकेशनमध्ये एकच इमारत, जास्त कर्ज, आणि पैसे पाच-सात वर्षं अडकलेले. मधेच घरात अडचण आली, नोकरी गेली, तरी बाहेर पडायची वाट जवळजवळ नाही. बदल्यात घसाऱ्याचा करफायदा थेट तुमच्या नावावर येतो, आणि डील जमली तर परतावा मोठा असतो. ज्यांना रीट पुरेसे वाटतात त्यांनी तिथेच थांबावं असं मी मनापासून सांगेन.

ॲक्रेडिटेड म्हणजे मागची दोन वर्षं एकट्याचं उत्पन्न २ लाख डॉलरच्या वर किंवा नवरा-बायकोचं मिळून ३ लाखांच्या वर (आणि यंदाही तेवढं अपेक्षित), नाहीतर राहतं घर सोडून १० लाखांची निव्वळ मालमत्ता. २०२० पासून काही व्यावसायिक परवाने असलेलेही यात धरतात. डील एसईसीच्या (इथल्या शेअर बाजार नियामकाच्या) ‘५०६ बी’ नियमाखाली असेल तर ३५ पर्यंत नॉन-ॲक्रेडिटेड चालतात, पण त्यांना व्यवहाराची समज असली पाहिजे, स्पॉन्सरशी आधीपासून खरी ओळख असली पाहिजे आणि डीलची जाहिरात करता येत नाही. ‘५०६ सी’खाली जाहिरात चालते, पण तिथे प्रत्येक जण ॲक्रेडिटेड लागतो आणि त्याचे पुरावे तपासावे लागतात. तेव्हा फेसबुकवर पोस्ट टाकून वर ‘ॲक्रेडिटेड नसलात तरी चालेल’ असं कोणी म्हणत असेल तर त्याला एक तर कायदा माहीत नाही किंवा पर्वा नाही.

एच-वन-बीचं : नुसते पैसे गुंतवून एलपी होण्याला व्हिसा आड येत नाही. जीपी होऊन प्रत्यक्ष काम करणं हा वेगळा विषय, तो इमिग्रेशन वकिलालाच विचारा.

उत्तरायण (कोलंबस, ओहायो)

सगळंच काळं रंगवू नका, एवढी विनंती. मी २०१३ पासून यात आहे. आमचे जीपी याच शहरात वाढलेले, रस्ता ओलांडला की त्यांची दुसरी इमारत. कर्ज फॅनी मेचं (घरांच्या कर्जांना पाठबळ देणारी सरकार-पुरस्कृत संस्था), दहा वर्षं, स्थिर दर. २०१४ मध्ये घेतलेलं संकुल २०२१ मध्ये विकलं आणि मुद्दलाच्या अडीच पटींहून जास्त परत आलं. दर तिमाहीला चेक, वर्षातून एकदा सगळ्या एलपींना संकुलावर बोलावून छपरापासून बॉयलरपर्यंत दाखवायचे. अशीही माणसं या धंद्यात आहेत. मुलीचं कॉलेज त्यातून झालं.

पारवा (न्यू जर्सी)

उत्तरायण, तुमच्या जीपींबद्दल आदर आहेच. पण २०१४ ला घेऊन २०२१ ला विकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकालाच चांगले पैसे मिळाले. दर खाली, कॅप रेट खाली, त्यामुळे किमती आपोआप वर. २०२१ मध्ये ज्यांनी ‘आमच्या दहा डील यशस्वी’ म्हणून पैसे गोळा केले त्यांचा इतिहास त्याच सात वर्षांतला होता. अनुभव सात वर्षांचा, पण एकाच ऋतूतला. आता मी विचारते की २००८-१० मध्ये तुमच्याकडे इमारती होत्या का, आणि २०२२ नंतर तुमच्या किती डीलमध्ये वाटप थांबलं? दुसऱ्या प्रश्नाचं सरळ उत्तर देणारा माणूस मला दहा यशोगाथा सांगणाऱ्यापेक्षा जवळचा वाटतो.

उत्तरायण

मान्य. आमच्या त्या विक्रीत बाजाराचा वाटा मोठा होता. पण याच जीपींनी २०२१ च्या अखेरपासून दोन वर्षं एकही खरेदी केली नाही. ‘आकडे बसत नाहीत’ असं एलपींना पत्र लिहून कळवलं. खरेदीवर फी मिळते हे माहीत असताना न घेणं, मला वाटतं अनुभव याला म्हणावं.

चांदणवेल (सॅन अँटोनियो)

आमचा अनुभव लिहिते. नाव अर्थातच नाही.

२०२१ च्या शेवटी एका डीलमध्ये पैसे घातले. पहिलं वर्ष दर महिन्याला पैसे यायचे. मग ईमेल आला की ‘खबरदारी म्हणून’ वाटप तात्पुरतं थांबवतोय. त्यानंतर मासिक अहवाल तिमाही झाला, आणि अहवालात आकड्यांपेक्षा फोटो जास्त : नवीन साइनबोर्ड, रंगवलेलं क्लबहाउस, स्विमिंग पूलजवळच्या नव्या खुर्च्या. २०२३ मध्ये कॅपिटल कॉल आला. आपल्या वाट्याच्या २० टक्के आणखी भरा, दहा दिवसांत, नाहीतर तुमचा हिस्सा पातळ होईल. सोबत एका ओळीचं कारण : रेट कॅप.

तेव्हा आम्ही चार-पाच एलपी एकत्र आलो आणि लेखी तीन गोष्टी मागितल्या. मागच्या बारा महिन्यांचा जमाखर्च (टी-ट्वेल्व्ह), कर्जाचा करार आणि त्यातली मुदतवाढीची अट, आणि हे नवे पैसे नेमके कशावर किती महिने पुरतील याचा तक्ता. ऑपरेटिंग ॲग्रीमेंटमध्ये (भागीदारीच्या करारात) हिशेब पाहण्याचा हक्क लिहिलेला होता, त्याच कलमाचा हवाला दिला. तीन आठवड्यांनी कागद आले. त्यात दिसलं की नवे पैसे जेमतेम सात महिने पुरतील आणि त्यानंतर मुदतवाढीसाठी बँकेची जी अट होती (उत्पन्न कर्जाच्या ठराविक प्रमाणात हवं) तिच्या जवळपासही इमारत नव्हती. आम्ही भरले नाहीत. ज्यांनी भरले त्यांचे जुनेही गेले आणि नवेही. पुढच्या वर्षी इमारत बँकेकडे गेली.

सांगायचा मुद्दा असा की कॅपिटल कॉल म्हणजे नवीन गुंतवणूक समजून तपासा. ‘आधीचे वाचवण्यासाठी’ हे शब्द ऐकले की माणूस हिशेब करायचा थांबतो. आणि करारातलं कॅपिटल कॉलचं कलम सही करण्याआधी वाचा. काही करारांत न भरणाऱ्याचा हिस्सा सरळ प्रमाणात कमी होतो, काहींत त्यावर दंडही असतो. नव्याने आलेला ‘प्रिफर्ड इक्विटी’वाला (ज्याचे पैसे आधी फेडायचे असा गुंतवणूकदार) आपल्या पुढे जाऊन बसू शकतो का, तेही त्याच पानांत असतं.

रानजाई

बाप रे. चांदणवेल, इतकं स्पष्ट लिहिल्याबद्दल आभार. हा हक्क असतो हेच माहीत नव्हतं.

किल्ली (आर्लिंग्टन, टेक्सास)

मी बरीच वर्षं अपार्टमेंटच्या लीझिंग ऑफिसात काम केलं, शेवटी असिस्टंट मॅनेजर होते. गुंतवणूकदारांच्या बाजूने सगळे बोलतायत, मी टेबलाच्या या बाजूने सांगते.

‘९४ टक्के ऑक्युपन्सी’ यावर जाऊ नका. घरात माणूस राहतो आणि घराचं पूर्ण भाडं येतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला महिना फुकट, भाडं थकलेले, जुन्या कमी भाड्याचे, कर्मचाऱ्यांना दिलेली घरं, हे सगळं वजा करून खरोखर किती टक्के वसूल होतं ते विचारा, त्याला इकॉनॉमिक ऑक्युपन्सी म्हणतात. मी ९४ वाली संकुलं पाहिली आहेत जिथे वसुली ८० च्या खाली होती. विक्रीच्या आधीचे तीन-चार महिने तर मालक कुणालाही घर देतो. उत्पन्नाचा दाखला नाही, आधीच्या घरमालकाची चौकशी नाही, फक्त खोल्या भरलेल्या दिसल्या पाहिजेत. नवीन मालक आला की चौथ्या महिन्यापासून घरं रिकामी व्हायला लागतात. रेंट रोलमध्ये (भाडेकरूंच्या यादीत) प्रत्येकाची मूव्ह-इन तारीख असते. खूपशा तारखा अलीकडच्या असतील तर थांबा आणि विचारा.

जमलं तर संकुलावर स्वतः जा, वीकडेला संध्याकाळी सातनंतर. टूरच्या वेळी दाखवतात ते मॉडेल युनिट असतं. तुम्ही मागच्या इमारतींकडे चालत जा. एसीचे कंप्रेसर जागेवर आहेत की नुसते चौथरे? खिडक्यांना फळ्या ठोकलेली घरं किती? अशा ‘डाउन’ युनिट्समधून आम्हीच पार्ट काढून दुसऱ्या घरांत बसवायचो, कारण ऑफिसकडे दुरुस्तीला पैसे नसायचे. कपडे धुवायच्या खोलीत चार मशीन बंद असतील तर मालकाचा हात किती आखडलाय ते कळतं. गूगलवरचे रिव्ह्यू नव्यापासून जुन्याकडे वाचा. टेक्सासमध्ये घर खाली करायचे दावे जस्टिस ऑफ द पीसच्या कोर्टात जातात आणि ते नोंदीत दिसतात. एका संकुलाच्या नावावर महिन्याला किती दावे पडतात ते बघा.

१९७० च्या आसपासचं बांधकाम असेल तर ॲल्युमिनियमचं वायरिंग आहे का, सांडपाण्याचे पाइप बिडाचे आहेत का, विजेचे मीटर वेगळे आहेत की सगळ्यांचं एकच बिल मालकाला येतं, हे तीन प्रश्न नक्की विचारा. वायरिंगमुळे विम्याची रक्कम फार वाढते. पाइप जमिनीखाली, स्लॅबच्या खाली असतात. एक फुटला की एका घरामागे हजारो डॉलर.

आणि एक गोष्ट जी मला फार लागते. ‘भाडी बाजारभावापेक्षा २०० डॉलर कमी आहेत, वाढवायला वाव आहे’ असं डेकमध्ये (गुंतवणूकदारांना दाखवायच्या स्लाइड्समध्ये) लिहिलेलं असतं. त्या २०० डॉलरच्या पलीकडे रात्रपाळी करणारी नर्सिंग असिस्टंट, हॉटेलात भांडी घासणारा, दोन मुलांची एकटी आई असते. ऑगस्टमध्ये डॅलसला पारा ४० च्या वर जातो आणि घरातला एसी नऊ-नऊ दिवस बंद असतो, आणि मला वरून सांगितलेलं असायचं की या महिन्यात दुरुस्तीचं बजेट संपलं. तुमच्या जीपीला विचारा की एसीची तक्रार आल्यापासून किती तासांत माणूस जातो. ज्याला हे माहीत नाही त्याला त्याची इमारत माहीत नाही.

पारवा

किल्ली, हा प्रतिसाद मी जपून ठेवणार आहे. शेवटचा प्रश्न मी आजवर कुणाला विचारला नव्हता. आता पहिला तोच विचारेन.

हिशेबनीस (शिकागो)

सीपीए (इथला सीए) आहे. करांबद्दल थोडं लिहितो, कारण फ्लायरवर सगळ्यात जास्त गैरसमज इथे पसरतो.

निवासी इमारतीचा घसारा साडेसत्तावीस वर्षांत काढतात. कॉस्ट सेग्रिगेशन केलं की गालिचे, उपकरणं, पार्किंग वगैरे वेगळं काढून त्याचा घसारा लवकर घेता येतो. बोनस घसारा (पहिल्याच वर्षी एकदम घेता येणारा) २०२२ पर्यंत १०० टक्के होता, मग दरवर्षी २० ने उतरत गेला, आणि जुलै २०२५ च्या कायद्याने १९ जानेवारी २०२५ नंतर घेतलेल्या मालमत्तेला परत १०० टक्के झाला. म्हणूनच वेबिनारवाले सध्या यावर इतका भर देतायत. ५० हजार घातले आणि पहिल्याच वर्षी के-वनवर (भागीदाराला मिळणाऱ्या कराच्या कागदावर) २५-३० हजारांचा तोटा दिसला, असं होऊ शकतं.

पण तो तोटा पॅसिव्ह असतो. पगारातून वजा होत नाही. होत नाही म्हणजे नाही. दुसरं पॅसिव्ह उत्पन्न असेल तर त्यातून जातो, नाहीतर पुढे ढकलला जातो आणि विक्रीच्या वर्षी उपयोगी येतो. स्वतःच्या भाड्याच्या घरावर जी २५ हजारांची सवलत कमी उत्पन्नवाल्यांना मिळते ती एलपीला लागू नाही. ‘रिअल इस्टेट प्रोफेशनल’ व्हायला वर्षाला ७५० तास आणि तुमच्या एकूण कामाच्या अर्ध्याहून जास्त वेळ लागतो, पूर्णवेळ नोकरी करणाऱ्याला ते जमत नाही. विक्रीच्या वेळी घेतलेल्या घसाऱ्यावर २५ टक्क्यांपर्यंत कर लागतो, आणि कॉस्ट सेगने वेगळ्या काढलेल्या वस्तूंच्या घसाऱ्यावर तुमच्या नेहमीच्या दराने. हा कर टळत नाही, पुढे जातो.

के-वन वेळेवर येत नाही असं धरूनच चाला. मला दरवर्षी निम्म्या क्लायंटसाठी मुदतवाढ घ्यावी लागते. इमारत जॉर्जियात किंवा ॲरिझोनात असेल तर त्या राज्याचं रिटर्नही भरावं लागू शकतं. टेक्सास, फ्लोरिडा, टेनेसीत वैयक्तिक उत्पन्नावर राज्याचा कर नाही. सेल्फ-डायरेक्टेड आयआरएमधून (गुंतवणूक स्वतः निवडायच्या निवृत्ती खात्यातून) घालणार असाल तर कर्जाच्या भागावर आयआरएलाच कर लागू शकतो, आधी विचारा.

मुठेकाठ (पुणे)

मी पुण्यात असते. माझे धाकटे दीर न्यू जर्सीत आहेत. गावाकडची जमीन विकून आमच्या वाट्याला काही रक्कम आली आहे. ते म्हणतात, ‘वहिनी, इथे अपार्टमेंटमध्ये घाला, पुण्यात फ्लॅट घेऊन भाड्यात काय मिळतं?’ ते खरंही आहे, आमच्या सोसायटीत भाडं किमतीच्या अडीच-तीन टक्क्यांच्या वर जात नाही. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण आम्हा दोघांना निवृत्तीनंतर याच पैशांवर राहायचं आहे. काय करावं?

हिशेबनीस

मुठेकाठ, आधी नियमांचं बोलतो. एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची योजना) निवासी भारतीयाला वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात, हे सगळे सांगतात. पण २०२२ च्या परदेशी गुंतवणुकीच्या नियमांत ‘रिअल इस्टेट ॲक्टिव्हिटी’ करणाऱ्या परदेशी कंपनीत थेट गुंतवणुकीला मनाई आहे. सिंडिकेशनमध्ये तुम्ही घर विकत घेत नाही, इमारतीची मालक असलेल्या कंपनीचा (एलएलसीचा) हिस्सा घेता. तो त्यात बसतो की नाही यावर फेमा (परकीय चलनाचा कायदा) जाणणाऱ्या सीएचं लेखी मत घेतल्याशिवाय एक रुपया पाठवू नका. शिवाय इथे तुम्ही परदेशी भागीदार ठरता. तुमच्या वाट्याच्या उत्पन्नातून भागीदारी सर्वोच्च दराने, म्हणजे ३७ टक्के, कर आधीच कापते, मग तो परत मिळवायला दरवर्षी अमेरिकन रिटर्न भरायचं. बरेच स्पॉन्सर या कटकटीमुळे परदेशी गुंतवणूकदार घेतही नाहीत.

चांदणवेल

वहिनी, नियम बाजूला ठेवले तरीही माझं सांगणं ‘नाही’ असंच आहे. ज्या पैशांवर महिन्याचा खर्च चालणार ते पाच-सात वर्षं कुणाकडे अडकवायचे नाहीत. आणि ‘वाटप तात्पुरतं थांबवतोय’ असा ईमेल आला तर तुम्ही दिरांना काय म्हणणार आणि ते तुम्हाला काय सांगणार? घरातली नाती यात भरडली जातात, मी पाहिलंय.

मुठेकाठ

दोघांचेही मनापासून आभार. हे धागे यजमानांनाही वाचून दाखवले. दिरांना आज फोन करून नाही सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, बरं वाटलं.

दुवा (ऑस्टिन)

थोडी दुसरी बाजू. मी काही डीलमध्ये को-जीपी आहे आणि माझ्या ओळखीतून पैसे उभे केले आहेत. आमच्याकडे सगळेच फसवणारे आहेत असा सूर लागू नये. मी प्रत्येक डीलमध्ये स्वतःचे पैसे घालतो. २०२२ नंतर ऑस्टिनमध्ये इतकी नवी घरं बांधून झाली की भाडी खाली आली. २०२४ मध्ये देशभरात सहा लाखांच्या आसपास अपार्टमेंट पूर्ण झाले, १९७० च्या दशकानंतर इतके कधीच झाले नव्हते. हे आम्हाला दिसायला हवं होतं असं म्हणणं सोपं आहे. आता नवीन बांधकामं बरीच कमी झाली आहेत आणि जुन्या मालकांकडून स्वस्तात खरेदी होतेय. खरं तर आजचा काळ २०२१ पेक्षा कितीतरी चांगला आहे, आणि लोक नेमके आता घाबरलेत.

गोदातीर

दुवा, तुम्ही लिहिलंत हे चांगलं केलंत, आणि आजच्या किमतींबद्दल मी बऱ्याच अंशी सहमत आहे. एक प्रश्न मात्र विचारतो, तो तुम्हाला एकट्याला नाही. ब्रोकरचा परवाना नसताना उभ्या केलेल्या पैशांवर कमिशन घेणं इथे बेकायदा आहे. म्हणून पैसे आणणाऱ्याला ‘को-जीपी’ करून जीपीच्या हिश्श्यात वाटा देतात. काही जण त्या बदल्यात खरोखर काम करतात. काहींचं काम पैसे आले की संपतं, आणि इमारत अडचणीत आली की त्यांनाही आपल्याएवढंच माहीत असतं. तेव्हा मित्र डील घेऊन आला की विचारायला हवं : यातून तुला काय मिळतं? आणि पैसे जमल्यानंतर पाच वर्षं तुझं रोजचं काम काय?

दुवा

रास्त प्रश्न आहे. माझं उत्तर : दर आठवड्याचा मॅनेजरबरोबरचा कॉल, प्रॉपर्टी टॅक्सच्या अपिलाचं काम आणि एलपींचे अहवाल. मला जीपीच्या हिश्श्यातला भाग मिळतो, तो किती ते माझ्या गुंतवणूकदारांना लेखी देतो. असं न सांगणाऱ्यांकडे पैसे देऊ नका, यात आपलं एकमत आहे.

पारवा

आपल्याकडे अडचण इथेच येते. गणपतीत भेटणारा, मुलांच्या मराठी शाळेत शेजारी बसणारा माणूस. त्याला ‘तुला किती मिळतात’ विचारायची जीभ रेटत नाही. भीड ही भिकेची बहीण, आजी म्हणायची. अनोळखी माणसाला आपण चाळीस प्रश्न विचारतो आणि ओळखीच्याला एकही नाही.

परतवारी (सध्या सिॲटल, पुढच्या वर्षी नाशिक)

भारतात परतणाऱ्यांसाठी एक मुद्दा. हे हिस्से परतल्यावरही ठेवता येतात, पण मधेच मोडता येत नाहीत. आरएनओआरची (परतलेल्यांना सुरुवातीला मिळणाऱ्या करसवलतीच्या दर्जाची) दोनेक वर्षं संपली की जगभरचं उत्पन्न भारतात करपात्र होतं आणि शेड्यूल एफएमध्ये (रिटर्नमधल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात) हे दाखवावं लागतं. के-वनवरचा घसाऱ्याचा तोटा भारतीय रिटर्नमध्ये जसाच्या तसा चालेल असं धरून चालू नका. परतायचं नक्की असेल तर आधी दोन्हीकडचा कर जाणणाऱ्याला गाठा. आम्ही याच कारणाने नवीन डील घेणं थांबवलंय.

रानजाई

काल वेबिनार झाला, प्रश्नांची यादी घेऊन बसले होते. सांगते. कर्ज : फ्रेडी मॅक (फॅनी मेसारखीच संस्था), स्थिर दर, सात वर्षं. एसीच्या प्रश्नावर आधी शांतता, मग त्यांच्या ऑपरेशन्सवाल्या बाईंनी सांगितलं की उन्हाळ्यात २४ तासांच्या आत, आणि ती नोंद दाखवायला तयार आहेत. वसुली ८८ टक्के. ओळखीच्या गृहस्थांनी त्यांचा वाटा किती तेही सांगितलं. खटकलेली गोष्ट : खरेदी साडेपाच कॅप रेटने आणि पाच वर्षांनी विक्री पाच टक्क्यांनी धरली आहे. विचारल्यावर ‘दर खाली येणारच आहेत’ असं उत्तर आलं. आणि प्रॉपर्टी टॅक्स मागच्या वर्षीइतकाच धरलाय. इमारत सॅन अँटोनियोत.

गोदातीर

रानजाई, कर्ज चांगलं आहे, बाकीची उत्तरंही सरळ आहेत. पण तो विक्रीचा दर मला मान्य नाही. एक लाख डॉलरच्या उत्पन्नाला साडेपाचने १८ लाख १८ हजार मिळतात, पाचने २० लाख. म्हणजे काहीही न करता किंमत १० टक्के वाढेल असं आधीच धरलंय, आणि कर्ज जास्त असल्यामुळे एलपीच्या परताव्यात त्याचा वाटा फार मोठा होतो. त्यांच्याकडून एक्सेल मागा आणि स्वतः विक्रीचा दर सहा घालून बघा. टॅक्सचं तर त्याहून स्पष्ट आहे. टेक्सासमध्ये विक्रीची किंमत जाहीर करावी लागत नाही, तरी खरेदीनंतर अप्रेझल डिस्ट्रिक्ट मूल्यांकन वाढवायला बघतंच, आणि टॅक्स हा इथे सगळ्यात मोठ्या खर्चांपैकी एक. काउंटीच्या साइटवर पत्ता टाकलात की सध्याचं मूल्यांकन फुकट दिसेल. खरेदीच्या किमतीच्या ८०-८५ टक्क्यांवर कर लागला तर काय, ते गणित त्यांना करून मागा.

आणि एसईसीच्या एडगर साइटवर त्यांच्या जुन्या डीलचे फॉर्म डी शोधा. पहिली विक्री झाल्यापासून १५ दिवसांत तो भरायचा असतो, त्यात जबाबदार माणसांची नावं आणि किती पैसे उभे केले ते असतं. त्यांनी वेबिनारमध्ये दाखवलेली यादी आणि तिथली यादी शेजारी ठेवा. यादीत नसलेली एखादी डील सापडली तर तिचं काय झालं ते विचारा.

रानजाई

एडगरवर पाहिलं. दोन डील त्यांच्या यादीत नव्हत्या. ईमेल पाठवलाय. एक्सेलमध्ये विक्रीचा दर सहा आणि वाढीव टॅक्स घातला तर वर्षाचा परतावा १५ वरून चारच्या खाली येतो. शुक्रवारपर्यंत पैसे पाठवा म्हणत होते, आम्ही ‘उत्तर येईपर्यंत नाही’ असं कळवलं.